सहा एअरबॅग, एडास आणि मागच्या सीटवर आईबाबा: तीन ऋतू गाडी चालवल्यावर

गाडी घेताना शोरूममध्ये सगळा जोर एडासवर (कॅमेरा-सेन्सरने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) होता, गाडी आपोआप ब्रेक मारते तो व्हिडिओ दोनदा दाखवला, आणि ईएससीचं (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) विचारलं तर "ते आहेच हो सर" एवढ्यावर आटपलं. आता पावसाळा, थंडी, उन्हाळा सगळं काढून झाल्यावर माझा हिशोब बरोब्बर उलटा झालाय. वापर म्हणजे रोज पुण्यातलं ऑफिस, अधूनमधून एक्स्प्रेसवे आणि सणावाराला ताम्हिणीतून माणगावकडे गावी.

ताम्हिणीतच ईएससीचं काम कळलं. पावसात घाट उतरताना एका वळणावर डोंगराचा लाल चिखल रस्त्यावर आलेला, स्पीड काही फार नव्हता तरी गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला आणि मला कळून मी काही करेपर्यंत समोरच्या मीटरवर ते घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं, खालून कर्रर्र आवाज आला आणि गाडी परत लायनीत. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय हे सेन्सर सारखं ताडून बघतात, मागून गाडी सुटायला लागली की मुख्यतः पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक लावतात. आपण पेडल दाबलं की चारही चाकांना ब्रेक लागतात, एकट्या चाकाला लावणं कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला जमणार नाही. 1995 पासून मर्सिडीजमध्ये असलेली गोष्ट आहे ही, तरी आपल्याकडे बेस व्हेरियंटला आहे का ते आधी विचारा, सनरूफ नंतर. एबीएसबद्दल (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एवढंच की पेडल पायाखाली थरथरलं म्हणून पाय उचलायचा नाही, तसाच दाबून धरायचा.

आता एडास. एक्स्प्रेसवेवर अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर ठेवत स्पीड आपोआप सांभाळणारं) मस्त, रात्री दमून परत येताना पायाला खरंच आराम. पण पुढच्या गाडीपासून कमीत कमी अंतर ठेवलं तरी तेवढ्यात कोणीतरी घुसतोच, मग आपली गाडी ब्रेक मारते आणि मागचा डिपर देतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात तर कॅमेरा बंद असल्याचा मेसेज येतो, म्हणजे जिथे मला दिसत नाही तिथे त्यालाही दिसत नाही! लेन असिस्ट (गाडी लेनच्या पट्ट्यांच्या आत ठेवणारी सोय) मी शहरात बंदच ठेवतो, सिंहगड रोडला खड्डा चुकवायला गेलं की स्टिअरिंग हट्टाने परत ओढतं. ऑटो ब्रेक मात्र चालूच असतो. एकदा चुकीचा दचका दिला (रिक्षा आडवी निघून गेली होती तरी), पण एकदा पुढचा टेम्पो कचकन थांबला तेव्हा माझ्याआधी त्यानेच ब्रेक लावला होता, त्यामुळे त्याला सगळं माफ.

एअरबॅग उघडायची वेळ आली नाही आणि येऊ नये. पण एक गोष्ट सांगतोच. साइड एअरबॅग सीटच्या कडेला शिवणीत असते, तिथे छोटं लेबलही असतं. अ‍ॅक्सेसरीजवाला त्यावरून जाड लेदरेटचं कव्हर चढवायला निघालेला, "सगळे बसवतात साहेब." कडेची शिवण फाटून फुगा बाहेर येणार तरी कसा? बसवू दिलं नाही. पुढे बंपरवर लावतात त्या लोखंडी बुलगार्डचंही तेच, त्याने एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळत नाही, 2017 च्या डिसेंबरात केंद्राने बंदी घातली तरी बसवून देणारे आहेतच.

स्टार रेटिंगवरून छाती फुगवणाऱ्यांसाठी, भारत एनकॅपच्या (हे स्टार देणारी आपली क्रॅश टेस्ट) चाचणीत समोरची टक्कर ताशी 64 ला होते. समृद्धी महामार्गावर 120 ने निघालात तर गाडीतली ऊर्जा साडेतीन पट होते.

आणि मागचे बेल्ट! घरात सगळ्यात जास्त वाद याच्यावर. आईला गुदमरतं, बाबांचं म्हणणं "मागे कुठे पोलीस बघतोय." 2022 च्या सप्टेंबरात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्याच सीटवर होते, बेल्ट नव्हता, एवढं सांगितल्यावर बाबा गप्प बसले पण बेल्ट काही लावेनात. शेवटी टुंग टुंग आवाजानेच काम केलं, तो थांबवायचा तर बेल्ट लावा, दुसरा मार्ग नाही. शेजाऱ्याने क्लिप आणून दिलेली, नुसती अडकवायची की आवाज बंद. ती सरळ कचऱ्यात टाकली. 2023 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन साइट्सना त्या काढायला लावल्या ते योग्यच झालं. मागचा माणूस मोकळा असला की धडकेत तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो, म्हणजे आईने बेल्ट लावला नाही तर धोका मलाही. हे तिला पटलं, स्वतःपेक्षा माझ्यासाठी लावते.

घेणाऱ्यांना एक सूचना. एडासचा कॅमेरा पुढच्या काचेला असतो, त्यामुळे काच फुटून बदलली की कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं) करावं लागतं आणि ते गल्लीतल्या काचवाल्याकडे होत नाही. इन्शुरन्स घेताना काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्चही धरलाय का ते लिहून घ्या, तोंडी "होऊन जाईल सर" वर जाऊ नका.