गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवताना झालेली फसवणूक

पुण्यातील एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून मी गेल्या वर्षी गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून घेतला. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘2000 वॉट अ‍ॅम्प्लिफायर, 4 गेज शुद्ध तांब्याची वायर, फिटिंगसह 18,500 रुपये’ असे स्पष्ट लिहिलेले होते (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचे माप). यांपैकी वॉटचा आकडा खोटा होता, वायर तांब्याची नव्हती, आणि फिटिंग अशा रीतीने केले होते की गाडी पेटण्याचा धोका होता. हे सारे डॅशबोर्डमागे आणि गालिच्याखाली झाकलेले असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला आवाज उत्तम होता. पुढे मात्र आवाज थोडा वाढवला की मोठ्या ठोक्याला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडू लागला. त्यावरचा लाल दिवा लागायचा आणि काही क्षणांनी तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. दुकानदाराने गाडी नीट तपासलीही नाही. ‘साहेब, तुमची बॅटरी कमी पडतेय, कपॅसिटर टाकावा लागेल’ असे सांगून त्याने आणखी 3,200 रुपये घेतले. फरक काहीच पडला नाही, आणि पडणारही नव्हता. कारण कपॅसिटर क्षणभराची गरज भागवतो, वायरीतून सतत कमी पडणारा पुरवठा तो भरून काढू शकत नाही. मूळ दोष झाकण्यासाठी दुसरी वस्तू गळ्यात मारण्याचा हा प्रकार मला सर्वांत संतापजनक वाटतो.

खरे कारण एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधून काढले. इंजिन चालू ठेवून आणि गाणे लावून त्यांनी मल्टिमीटर धरला, तेव्हा बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते आणि डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर जेमतेम साडेअकरा. मग त्यांनी गालिचा उचलून लाल वायरीचे टोक ब्लेडने सोलले. बाहेरून करंगळीएवढ्या जाड दिसणाऱ्या त्या वायरीत तारांची जुडी पेन्सिलीच्या शिशाएवढी होती, उरलेले सारे प्लास्टिक. त्यातली एक तार त्यांनी ब्लेडच्या धारेने खरवडली, तेव्हा वरचा तांबूस मुलामा निघून आत पांढरट अ‍ॅल्युमिनियम चमकू लागले. अशा मुलामा दिलेल्या तारेची वीजवाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीची असली तरी ती जास्त तापते. इथे तर जाडीही फसवी होती. अर्थिंगची वायर मागच्या सीटच्या बोल्टखाली, पत्र्यावरचा रंग न खरवडता, तशीच दाबून टाकली होती. कमी पडणाऱ्या व्होल्टेजपैकी जवळजवळ निम्मे त्या एका सांध्यात वाया जात होते.

याहून गंभीर गोष्ट बॉनेट उघडल्यावर दिसली. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या वायरीवर फ्यूजच नव्हता. ‘फ्यूज आहे’ म्हणून मला दाखवला गेला होता तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा फ्यूज, आणि तो फक्त अ‍ॅम्प्लिफायरपुरता असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या वायरीचे रक्षण करणारा फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत बसवायचा असतो, कारण मधे कुठेही ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि वायरीवरचे आवरण पेट घेते. माझ्या गाडीत ही वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून रबराचा ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी) न लावताच ओढली होती. पत्र्याच्या धारेने तिचे आवरण अर्धेअधिक कापत आणले होते. त्या अवस्थेत मी घरच्यांना घेऊन लांबचे प्रवास केले आहेत.

आता वॉटविषयी. डब्यावर छापलेला ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ आकडा विकण्यासाठी असतो. विचारायचा तो आरएमएस वॉटचा, म्हणजे सलग मिळू शकणाऱ्या शक्तीचा आकडा. तोही खोटा सांगितला जाऊ शकतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज पाहावा. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर 30 अँपिअरचा एकच फ्यूज होता. 30 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट, म्हणजे तो बॅटरीतून सलग 420 वॉटच्या आसपासच घेऊ शकतो, आणि तो क्लास एबी प्रकारचा (अ‍ॅम्प्लिफायरच्या अंतर्गत रचनेचा एक प्रकार) असल्यामुळे त्यातले साधारण निम्मेच स्पीकरपर्यंत पोहोचतात. क्लास डी प्रकारात हे प्रमाण बरेच जास्त असते, तरीही 420 मधून 2000 निघणे शक्य नाही. हा हिशेब दुकानात उभ्याउभ्या करता येतो.

दुकानदाराने मला जीएसटी क्रमांक नसलेली कच्ची पावती दिली होती, तिच्यावर ‘म्युझिक सिस्टीम फिटिंग’ एवढेच लिहिलेले. पक्के बिल मागितले तेव्हा ‘त्यावर टॅक्स लागेल’ हे उत्तर ठरलेले होते. अशा पावतीवर विमा कंपनीकडे या वस्तूची वेगळी नोंद करणेही अवघड जाते. तक्रारीत मला उपयोगी पडले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे कोटेशन, सोललेल्या वायरीचे फोटो आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला अहवाल. लेखी नोटीस पाठवल्यावर दुकानदाराने वायरीचे आणि कपॅसिटरचे पैसे परत केले. अ‍ॅम्प्लिफायरबाबत तो अजून हात वर करतो आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

ज्यांच्या गाडीत आधीच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे, त्यांनी आजच बॉनेट उघडून बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली जादा लाल वायर हाताने मागे मागे तपासत जावी. दीड फुटाच्या आत फ्यूज दिसला नाही, तर गाडी बंद असताना ती वायर बॅटरीवरून सोडवून तिचे टोक टेपने गुंडाळून ठेवावे आणि योग्य फ्यूज बसेपर्यंत जोडू नये. तोवर अ‍ॅम्प्लिफायर चालणार नाही, गाडी मात्र नेहमीसारखी चालेल.