बिअरचा रंग आणि एसआरएम कार्ड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरी बनवलेल्या बिअरचा रंग तिच्या शैलीला साजेसा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मी गेले काही महिने पारदर्शक प्लास्टिकचे एसआरएम कार्ड वापरत आहे. एसआरएम (स्टँडर्ड रेफरन्स मेथड) ही बिअरच्या रंगाची मोजपट्टी; आकडा जितका मोठा, तितकी बिअर गडद. अमेरिकेत होमब्रूइंगचे, म्हणजे घरी बिअर बनवण्याचे, साहित्य विकणाऱ्या दुकानांत अशी कार्डे मिळतात. फिकट सोनेरीपासून तांबूस रंगापर्यंतच्या बिअरसाठी ते भरवशाचे ठरले. त्यापुढे मात्र ते वापरणाऱ्याला स्वतःची अक्कल चालवावी लागते, आणि हा अनुभव मुख्यतः त्या अकलेविषयीच आहे.

कार्डावर २ पासून ४० पर्यंत आकडे असलेल्या रंगीत खिडक्या आहेत. बिअरचा रंग आपल्याला तिच्यातून आरपार येणाऱ्या प्रकाशामुळे दिसतो. कागदावर छापलेला रंग दिसतो तो पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशामुळे. म्हणून छापील तक्त्यापेक्षा पारदर्शक खिडकी बरी. फोनच्या पडद्यावरील तक्ते तर मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवले, कारण पडद्याचा उजेड कमीजास्त केला की तीच बिअर दोन वेगवेगळ्या आकड्यांशी जुळते.

हे आकडे आले कुठून, हे माहीत असले म्हणजे कार्डाच्या मर्यादा आपोआप कळतात. जोसेफ लोव्हिबाँड या इंग्रज गृहस्थांनी १८८५ मध्ये सॅलिसबरी येथे टिंटोमीटर कंपनी स्थापन केली. त्यांच्या पद्धतीत बिअरचा रंग रंगीत काचांशी डोळ्यांनीच ताडून पाहिला जाई, आणि अमेरिकेत माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पाकिटावर आजही लोव्हिबाँडचेच अंश छापलेले असतात. १९५० च्या सुमारास अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रूइंग केमिस्ट्स या संस्थेने डोळ्यांऐवजी उपकरणावर आधारलेली एसआरएम पद्धत स्वीकारली. हिच्यात ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा प्रकाश बिअर किती शोषून घेते हे पाहतात, आणि एक सेंटिमीटर रुंदीच्या कुपीतील शोषणांकाला १२.७ ने गुणतात. युरोपातील ईबीसी मोजपट्टीसाठी तोच अंक २५ ने गुणतात, म्हणून ईबीसीचा आकडा एसआरएमच्या साधारण दुप्पट येतो. जर्मन किंवा ब्रिटिश पाककृती वाचताना हे विसरून चालत नाही. मुद्दा असा की एसआरएम हा एकाच तरंगलांबीवरचा आकडा आहे. तो रंगाची खोली सांगतो. छटा लालसर आहे, पिवळसर आहे की तपकिरी, हे त्यात येतच नाही.

जाडी हा दुसरा प्रश्न. तीच पेल एल (फिकट बिअरचा एक प्रकार) चिंचोळ्या नळीत गवताच्या काडीसारखी दिसते आणि मोठ्या पाइंट ग्लासात तांब्याच्या रंगाकडे झुकते. त्यामुळे कार्डासोबतच्या सूचनेत जेवढ्या रुंदीचा ग्लास सांगितला आहे, तेवढ्याच रुंदीचा, सरळ भिंतींचा आणि साधा पारदर्शक ग्लास वापरावा. फुगीर ट्युलिप ग्लासात केलेले वाचन मी ग्राह्य धरत नाही. नमुना दोन भांड्यांत वरखाली ओतून त्यातला वायू काढावा, कारण बुडबुडे प्रकाश विखुरतात. ग्लासावर दव धरले असेल तर पुसून घ्यावे. मागे पांढरा कागद असावा आणि उजेड दिवसाचा, पण थेट उन्हाचा नको. स्वयंपाकघरातील पिवळट दिव्याखाली माझी प्रत्येक बिअर दोन-तीन आकड्यांनी गडद ठरत असे.

एवढी काळजी घेतल्यावर कार्ड किती खरे बोलते, हे पाहण्याची संधीही मिळाली. आमच्या ब्रूइंग क्लबातील एका सभासदाकडे जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचे शोषण मोजणारे उपकरण) आहे. माझ्या पेल एलचा शोषणांक त्यावर ०.५५ आला, म्हणजे एसआरएम ७; कार्डावर मी तीच बिअर ६ आणि ८ च्या खिडक्यांमध्ये बसवली होती. घरगुती कामाला एवढी अचूकता पुरेशी आहे.

कार्डाचा खरा उपयोग मला पाककृतीचे गणित पडताळताना झाला. होमब्रूइंगमध्ये रूढ असलेल्या मोरी सूत्रात प्रत्येक माल्टचे पौंडातील वजन त्याच्या लोव्हिबाँड अंशाने गुणतात, बेरजेला गॅलनांनी भागतात, आलेल्या संख्येचा ०.६८५९ वा घात काढतात आणि त्याला १.४९२२ ने गुणतात. पाच गॅलनांच्या बॅचमध्ये २ अंशांचे नऊ पौंड पेल माल्ट आणि ६० अंशांचे अर्धा पौंड क्रिस्टल माल्ट (गोडसर, गडद माल्ट) घातले, तर उत्तर ७ येते. क्रिस्टल एक पौंड केले की ते ९.८ वर जाते. बीजेसीपी या बिअर परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन पेल एलच्या रंगाची मर्यादा ५ ते १० आहे. म्हणजे केवळ अर्ध्या पौंडाने बिअर मधल्या भागातून उठून थेट काठावर येते. मग उकळताना वर्ट (माल्टचे गोड पाणी) थोडे गडद झाले किंवा बाटल्यांत भरताना ऑक्सिजन शिरला, तर ती काठ ओलांडते. गणित आणि कार्ड यांत मोठी तफावत दिसली, तर मी आधी माल्टच्या पाकिटावरील अंश पाहतो. जुन्या, काळवंडलेल्या द्रव माल्ट अर्कावर बनवलेल्या बिअरमध्ये अशी तफावत हमखास असते, आणि तसल्या अर्कातून २ ते ४ एसआरएमची जर्मन पिल्स साधणे मला तरी शक्य वाटत नाही.

छटेच्या बाबतीत कार्डाची निराशा आयरिश रेड एलमध्ये सर्वांत ठळकपणे जाणवली. या शैलीची मर्यादा ९ ते १४ आहे. पाव पौंड भाजलेल्या बार्लीमुळे माझी बिअर गणिताने १३ च्या आसपास होती आणि उजेडात धरल्यावर सुंदर लाल दिसत होती. कार्डावरची १३ ची खिडकी मात्र नारिंगी-तपकिरी आहे. दोन्ही शेजारी धरल्या तर पाहणारा ‘जुळत नाही’ असेच म्हणेल. अशा वेळी मी डोळे किंचित मिटून फक्त उजळपणा ताडतो आणि लाली आहे की नाही याची नोंद वेगळी करतो. बेल्जियन डुबेल या लालसर-तपकिरी बिअरलाही हाच नियम लावावा लागतो.

हेझी आयपीए या मुळातच गढूळ असणाऱ्या बिअरसाठी कार्ड वापरूच नये, असे माझे मत आहे. तरंगणारे कण प्रकाश विखुरतात, बिअर अपारदर्शक होते, आणि खिडकीशी तुलना करण्याला अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेतही ७०० नॅनोमीटरवर गढूळपणा तपासून नमुना आधी निवळून घेतात. मात्र हीच बिअर ऑक्सिजनने बिघडू लागली की पिवळ्याची मळकट राखाडी-तपकिरी होते, आणि ते कळायला कार्ड लागत नाही. त्याच बॅचच्या ताज्या बाटलीचा फोटो त्याच उजेडात काढून ठेवला तरी पुरते.

विसाच्या पुढच्या खिडक्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे मला जमले नाही, आणि ज्यांना जमते असे ते सांगतात त्यांच्यावर माझा विशेष विश्वास नाही. त्यावर पाणी हा सोपा उपाय आहे. एक भाग स्टाउट (जवळपास काळी बिअर) आणि तीन भाग पाणी मिसळून कार्डावर वाचावे आणि आकडा चारने गुणावा. ९ आला तर बिअर ३६ ची. प्रयोगशाळेतही गडद नमुने असेच पातळ करतात. वाचनातली चूकही चौपट होते हे खरे, परंतु आयरिश स्टाउटची मर्यादा २५ ते ४० इतकी ऐसपैस असल्याने ती खपून जाते.

तरीही रंग मर्यादेत बसला म्हणजे शैली साधली, असे होत नाही. इंग्लिश पोर्टर २० ते ३० मध्ये, ब्लॅक आयपीए २५ ते ४० मध्ये. २८ च्या बिअरला रंगावरून कोणतेही नाव देता येईल. व्हिएन्ना लागर ९ ते १५, तर मेर्झेन ८ ते १७. शिवाय बीजेसीपीच्या गुणपत्रिकेत ५० पैकी दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, आणि त्यातच रंग, नितळपणा व फेस येतात. चवीला २० आहेत. स्पर्धेत एक आकडा इकडेतिकडे झाल्याने कोणी बिअर बाद करत नाही. रंगासाठी क्रिस्टल माल्ट वाढवून चव गोडमिट्ट करणे हा तोट्याचाच व्यवहार आहे. गडदपणाच हवा असेल तर साल काढलेले काळे माल्ट चिमूटभर घालावे. त्याने कडवट करपटपणा फारसा येत नाही.

कार्डाच्या टिकाऊपणाविषयी एक तक्रार आहे. प्लास्टिकवर ओरखडे लवकर पडतात आणि ओल्या हातांचे डाग फिकट खिडक्यांवर आधी दिसतात, म्हणजे ३ आणि ४ मधला फरक जिथे महत्त्वाचा, नेमका तिथेच. मी ते काळ्या पाकिटात ठेवतो, चष्म्याच्या कापडाने पुसतो, आणि क्लबात स्पेक्ट्रोफोटोमीटर बाहेर निघाला की एखादी फिकट लागर मोजून खिडक्यांचा रंग उडालेला नाही ना हे पाहून घेतो. २ ची खिडकी आता ३ सारखी दिसू लागली आहे. ती आणखी बिघडली की नवे कार्ड घेईन.