आयो की अकिर? अंतराळातल्या दोन वेस्टर्नपटांविषयी

‘हाय नून’ (१९५२) आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) हे वेस्टर्नपट, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकधाऱ्यांचे चित्रपट, पाहून झाले आहेत आणि आता तीच कथानके अंतराळात कशी दिसतात हे पाहण्याची इच्छा आहे, अशा रसिकापुढे मी दोन चित्रपट ठेवीन : रॉजर कॉर्मन यांची निर्मिती असलेला १९८०चा ‘बॅटल बियॉन्ड द स्टार्स’ आणि पीटर हाइम्स यांनी लिहून दिग्दर्शित केलेला १९८१चा ‘आउटलँड’. हाताशी एकच संध्याकाळ असेल तर यांपैकी कोणता निवडावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

पहिल्याचे ऋण उघड आहे. दुबळ्या वस्तीने भाडोत्री लढवय्ये गोळा करण्याची, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन समुराय’मधून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये आलेली कथा, जी ‘शोले’मुळे आपल्यालाही परकी नाही, ती येथे अकिर नावाच्या ग्रहावर घडते आणि तेथील रहिवासी स्वतःला ‘अकिरा’ म्हणवतात. रॉबर्ट व्हॉन तर १९६०मधलीच आपली भूमिका जवळजवळ तशीच पुन्हा करतात. त्यांचा गेल्ट हा मारेकरी अमाप श्रीमंत आहे, परंतु शत्रू इतके की पैसा खर्च करायला कोठे जाता येत नाही. म्हणून तो मोबदला मागतो तो जेवण आणि लपायला जागा एवढाच. जॉन सेल्स यांच्या पटकथेत अशा खुबी पुष्कळ आहेत, जेम्स हॉर्नर यांचे संगीत तुटपुंज्या खर्चाचा विसर पाडते, आणि कमरपट्ट्यातून व्हिस्की, सोडा व बर्फ काढणारा जॉर्ज पेपार्ड यांचा काउबॉय मला आजही आवडतो.

तरीही माझे मन या चित्रपटावरून उतरले ते एका गोष्टीमुळे. हे सारे वीर बहुतेक वेळ आपापल्या यानात बसून असतात. मोठ्या लढाईत एक चेहरा पडद्याकडे पाहून काही बोलतो, मग बाहेर यानाची प्रतिकृती सरकते, मग दुसऱ्या आसनावरचा दुसरा चेहरा, आणि हे बराच वेळ चालते. वेस्टर्नमध्ये दोन माणसांमधले मोकळे अंतर हाच खरा ताण असतो. कोण किती पावले पुढे आला, हात कोठे आहे, हे आपण पाहत असतो. बसलेल्या माणसांमध्ये ते अंतर कसे दिसणार? हे इतरांना इतके खटकेलच असे नाही, परंतु मला एकदा जाणवल्यावर दुसरे काही दिसेना.

‘आउटलँड’मध्ये माणसे चालतात. गुरूच्या आयो या उपग्रहावरील खाणवसाहतीत शॉन कॉनरी यांचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, ओनील एका संशयिताचा पाठलाग करतो, तेव्हा पिंजऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या कामगारांच्या झोपण्याच्या जागा, अरुंद जिने आणि गर्दी यांतून आपणही धापा टाकत जातो. ‘हाय नून’मध्ये मार्शलच्या जिवावर उठलेल्या गुंडाला घेऊन येणारी दुपारची आगगाडी येथे मारेकऱ्यांना घेऊन येणारे यान झाली आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या जागी यानाच्या आगमनाला उरलेला वेळ दाखवणारे आकडे आहेत. फ्रान्सिस स्टर्नहॅगन यांची तिरसट डॉक्टर ही तर मूळ कथेत नसलेली, स्वतंत्र कमाई म्हणावी लागेल.

दोष याही चित्रपटात आहेत. निर्वात पोकळीत माणूस फुग्यासारखा फुटत नाही, आणि आयोवर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक पंचमांशाहूनही कमी असताना वसाहतीत सगळे मुंबईच्या फलाटावर चालावे तसे चालतात. त्याहून मोठी उणीव अशी की ‘हाय नून’मधल्या हॅडलीव्हिल गावच्या लोकांना गॅरी कूपरचा मार्शल वर्षानुवर्षे ठाऊक होता, त्यामुळे त्यांनी पाठ फिरवणे जिव्हारी लागते. ओनील मात्र नुकताच बदलून आलेला आहे, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालावा असे कोणी त्याचे देणे लागत नाही. तरीसुद्धा, निवड माझ्यावर सोपवली तर मी ‘आउटलँड’च लावीन.

फक्त घरात लहान मुले सोबत पाहणार असतील, तर ‘आउटलँड’मधली उत्तेजक द्रव्ये आणि फुटणारी शरीरे त्यांच्यासमोर नकोत. त्या दिवशी अकिरवर जाणे बरे, आणि ते अगदीच वाया जाईल असे मला वाटत नाही.