मासळीचं खारं पाणी आणि जादा पाटे : पावसाळाभर वापरून

बेळगावातून भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्यात उतरायचं आणि येताना मासळीचे क्रेट आणायचे, हा धंदा असणाऱ्यांसाठी लिहितोय. पिकअपला मागं जादा पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), पाट्यांचं टोक चासीला जोडणारे नवे शॅकल आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट बसवले, तेव्हाच त्यावर मेणाचं गंजरोधक कोटिंग मारून घेतलं. आता पाऊस सरून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यात. कोटिंग चांगलं आहे, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

बर्फाच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडच्या गाड्या खालून कुजतात. आपल्याकडं बर्फ पडत नाही, पण क्रेटमधलं खारं पाणी थेट मागच्या पाट्यांवर गळतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे वाळलेलं मीठ घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या धुक्यात पुन्हा ओलं होतं आणि गाडी उभी असली तरी गंज चालूच राहतो.

पाट्यांना कंपनीचा काळा रंग असतोच, पण खडी उडून त्याचा टवका गेला की पाणी आत शिरतं. पाटे एकत्र धरणाऱ्या एका क्लॅम्पच्या कडेला रंग जरासा फुगलेला दिसला. नखानं उचलला तर पापुद्रा सुटला आणि खालून नारिंगी पाणी आलं. बाहेरून पाटा नवाकोरा! गंजानं पडलेले बारीक खड्डेच घातक, कारण दिवसभर वाकणारा पाटा तिथूनच चिरतो.

"मालक, जळकं ऑइल मारा की, फुकटात होतंय," असं मिस्त्री म्हणाले. मी नको म्हटलं. ऑइलनं पाट्यांच्या टोकातले रबराचे बुश फुगून मऊ पडतात आणि रस्त्यावर ठिबकतं ते वेगळंच. त्यापेक्षा सगळं तारेच्या ब्रशनं घासलं, गोड्या पाण्यानं धुतलं, पूर्ण वाळवलं आणि मग कोटिंग मारलं. ओल्या मिठावर मेण मारलं तर मीठ आतच कोंडतं. ब्रेकचे ड्रम झाकून घ्या. यू-बोल्टच्या आट्यांना मेण आवळून झाल्यावरच लावा, आधी लावलं तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. पहिल्या लोडनंतर यू-बोल्ट परत तपासून घ्या.

यू-बोल्ट आणि शॅकल आजही स्वच्छ आहेत. पाट्यांची टोकं एकमेकांवर घासतात, तिथलं मेण मात्र निघून गेलं आणि तांबूस झालंय. चाकाकडच्या बाजूचं मेण लाल चिखलानं खरवडलं, तिथं मध्येच दुसरा हात मारावा लागला.

खरा फरक पडला तो पत्र्याच्या पन्हाळीनं. हौद्याखाली पन्हाळ बसवून पाणी नळीनं कॅनमध्ये सोडलं. नळी रस्त्यावर सोडू नका, घाटात दुचाकीवाले घसरतात. मासळी उतरवली की त्याच रात्री खालून साध्या पाण्यानं धुतो. शॅकलच्या फटीत नळी धरली की आधी गढूळ पाणी येतं, ते नितळ होईपर्यंत धरायची. खिशात एकाच कामाचे पैसे असतील तर आधी पन्हाळ करा, कोटिंग नंतर.

येत्या जूनच्या आधी पाटे उतरवून टोकांना ग्रॅफाइट ग्रीस आणि बाकीला परत मेण, असं ठरवलंय.