साडेसहा हजार देऊन बिननोंदणीचा करार

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं घर. खाली आम्ही दोघं, वरच्या दोन खोल्या भाड्यानं. महिना 9,000, डिपॉझिट 30,000. गेल्या श्रावणात एक जण दारात आला. तिशीचा, काखेत फाइल, बोलणं गोड. "काकू, भाड्याचा कायदा बदललाय. करार नोंदवला नसंल तर मालकाला तीन महिने आत, नाहीतर 5,000 दंड. गल्लीतल्या समद्यांचं करून देतोय."

घरमालकांनो, हे नीट वाचा. दंडाचं त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 2000 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 55 मध्ये हे लिहिलेलंच आहे: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटं होतं ते "बदललाय" हे. वर त्यानं दिल्लीच्या आदर्श भाडेकरू कायद्याचं भय घातलं. "दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट चालत नाही आता. तुम्ही तर 30,000 घेतलंय." तो 2021 मध्ये केंद्रानं राज्यांना दिलेला नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणाला लागत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. तीन महिने आत म्हटल्यावर पोटात गोळा आला, आणि यांच्या बायपासला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. घरात ताण नको म्हणून मी लगेच हो म्हटलं.

शासकीय फी 5,000, त्याची मजुरी 1,500. फोनवरून पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला करार घेऊन आला. माझा अंगठा धरून निळ्या शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. वरच्या भाडेकरू पोराचाही तसाच. खाली नोटरीचा लाल शिक्का आधीच मारलेला होता. नोटरी आमच्यासमोर आलाच नाही. "झाली नोंदणी, काकू. कपाटात जपून ठेवा."

मी जपून ठेवला. पाच महिन्यांनी त्या पोराला कंपनीत भाडेकरार द्यायचा होता. संध्याकाळी तो परत आला, "काकू, हे चालत नाही म्हणतात. नोंदणीचा पाहिजे." माझा भाचा वकिलाकडं काम करतो. त्यानं कागद उलटापालटा केला आणि विचारलं, "मावशी, दस्त क्रमांक कुठाय? इंडेक्स टू कुठाय?" दस्त क्रमांक म्हणजे नोंदणी झाल्यावर कराराला मिळणारा नंबर, इंडेक्स टू म्हणजे त्या नोंदीचा सरकारी उतारा. दोन्ही नव्हतं. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. घरी येऊन करार ऑनलाइन नोंदवतात तेव्हा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर फोटो घेतात आणि आधारला जोडलेल्या यंत्रावर अंगठा लावतात. शाई लागत नाही. बोटाला शाई लागली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग भाच्यानं कागदावर हिशोब मांडला. 11 महिन्यांचं भाडं 99,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या सगळ्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. थोडा हाताळणी खर्च आणि करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. त्या फाइलवाल्यानं सांगितलेली 5,000 शासकीय फी कुठंच बसत नव्हती.

पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. ज्या गुन्ह्याची भीती घालून त्यानं पैसे काढले, तोच गुन्हा माझ्या नावावर पाच महिने चालू ठेवला. करार नोंदवलेला नसेल आणि उद्या वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात. चुकीच्या आहेत हे मालकानं सिद्ध करायचं. आमचं भाडेकरू पोरगं सज्जन, म्हणून निभावलं. वर एखादा बिलंदर राहत असता तर?

करार आता रीतसर नोंदवला. दस्त क्रमांक हातात आल्यावरच मजुरी दिली. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे पाठवल्याची पावती जोडून. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

आमच्या गल्लीत त्यानं आणखी चार घरं केली, हे मला तक्रार द्यायला निघाले तेव्हा कळलं. समोरच्या आजींचा कागद अजून देवघराच्या खणात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांच्याकडं तीन भाडेकरू आहेत. आजी म्हणतात, "शिक्का हाय की गं त्याच्यावर." उद्या सकाळी भाच्याला घेऊन त्यांच्याकडं जाणार आहे.