महिना 600 रुपयांत एका मुलाचा चित्रकला वर्ग: येऊरच्या पाड्यावरची योजना तपासून पाहताना

येऊरच्या पाड्यांवर रविवारचा वारली चित्रकला वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेचं ‘एका मुलाचा वर्ग तुमच्याकडून’ हे आवाहन ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतं आहे. एका मुलामागे महिना 600 रुपये, निदान सहा महिने. वर्गात 20 मुलं, रविवारी सकाळी अडीच तास. बदल्यात देणगीदाराला मुलाने काढलेलं एक चित्र, दर तिमाहीला अहवाल आणि करसवलतीची पावती. वर्ग चांगला आहे, योजनेची बांधणी कच्ची आहे. पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन एकट्या शिकवणाऱ्या ताईंचे.

कच्चेपणा कुठे आहे ते संस्थेच्याच पत्रकात दिसतं. महिन्याचे 12,000 रुपये असे वाटले आहेत: साहित्य 4,200, खाऊ 2,000, शिकवणाऱ्यांचं मानधन 2,400, सामानाची ने-आण 1,000, छपाई आणि व्यवस्थापन 2,400. खाऊचा हिशोब बरोबर आहे, एका मुलाला एका रविवारी 25 रुपयांत केळं, उकडलेलं अंडं किंवा चिक्की बसते. पण शिकवणाऱ्या ताईंच्या हाती एका रविवारचे 600 रुपये पडतात. त्यात आदल्या रात्री तांदूळ भिजवणं, कागदांना गेरू लावून वाळवणं आणि सामान पाड्यापर्यंत वाहणं हे सगळं आलं. साहित्यावर मात्र मानधनाच्या जवळजवळ दुप्पट. वारली चित्रकलेच्या वर्गाला एवढं साहित्य लागतच नाही, आणि जे लागतं ते संस्थेच्या साहित्याच्या पेटीत नाही.

पेटीत बारा रंगांचे पोस्टर कलर, शून्य, दोन आणि सहा नंबरचे ब्रश, ए-फोर कागदांचा गठ्ठा, पॅलेट, खोडरबर आणि संस्थेचं नाव छापलेली पिशवी आहे. शाळेच्या स्पर्धेसाठी ठीक. वारलीसाठी बारापैकी अकरा बाटल्या बिनकामाच्या, कारण परंपरेने रंग एकच, तांदळाचा पांढरा. लाल जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, तर भिंतीच्या मातीची. पेटीतला कागद साध्या झेरॉक्सचा, 75 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्यावर ओला गेरू फिरवला की तो पापडासारखा वर येतो आणि वाळताना कडा वळतात. 200 जीएसएमच्या पुढचा कागद घ्यावा, नाहीतर सरळ मांजरपाट. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फळीवर ताणला तर 150 जीएसएमचाही चालून जातो.

वर्गात सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो गुलाबी रेषांमुळे. मूल नेटाने पांढरा माणूस काढतं आणि पाच मिनिटांत तो गुलाबी दिसायला लागतो. मग ‘हात हलका ठेव’ असं सांगितलं जातं. हाताचा काही दोष नसतो. नुसता पाण्यात कालवलेला गेरू कागदाला धरत नाही. वर ओली रेघ आली की तो सुटून पांढऱ्यात मिसळतो. गेरूला बांधणी हवी. एक वाटी कपड्यातून चाळलेला गेरू, एक वाटी पाणी, पाव वाटी फेव्हिकॉल. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा, आणि रात्रभर सुकवण. सकाळी कोरडं बोट घासून बघायचं. बोट लाल झालं तर फेव्हिकॉल कमी पडला. उलट तो अर्ध्या वाटीवर गेला तर जमीन चकाकते आणि तांदळाचं पाणी तिच्यावर ठरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतं.

पांढऱ्याचंही तेच. दोन मुठी तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे बारीक वाटले आणि त्यात बाभळीच्या डिंकाचं गाळलेलं पाणी दोन चमचे घातलं, की 20 मुलांची सकाळ निभते. डिंक विसरला तर चित्र गुंडाळताना रेघा भुगा होऊन पडतात. देणगीदाराच्या घरी नळकांड्यातून निघणारी पांढरी पूड ती हीच. डिंक जास्त झाला तर रेघ पिवळट होते, तडकते. वाटलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून ते त्या त्या रविवारपुरतंच करावं. साठवायचंच असेल तर पांढरा अ‍ॅक्रेलिक वापरावा, पण मग ‘पारंपरिक पद्धतीने’ असं अहवालात छापू नये.

ब्रशऐवजी बांबूची काडी. टाचणीएवढ्या ठिपक्यापासून धान्याच्या कणसापर्यंत सगळं तिच्याने निघतं. वीतभर काडी तासून टोक पाण्यात ठेवायचं आणि दगडाने हलकेच ठेचायचं, म्हणजे धागे सुटतात. मुलं दाताने चावून करतात, तेही चालतं. शून्य नंबरचा ब्रश पाण्याच्या डब्यात केसांवर उभा राहिला की आठवड्यात त्याचा झाडू होतो, आणि पेटीतले ब्रश तिसऱ्या रविवारी त्याच अवस्थेत होते. गेरू आणि डिंक जांभळी नाक्याच्या बाजारात सुटे मिळतात, बांबू पाड्यावरच. 4,200 पैकी निम्मे वाचावेत आणि ते ताईंच्या मानधनात जावेत, एवढी सोपी दुरुस्ती आहे.

शिकवणं मात्र खरंच चांगलं आहे, आणि योजनेत पैसे घालावेत ते यासाठी. पहिले चार रविवार नुसते वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. मग टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, म्हणजे माणसाचं धड. वरच्या त्रिकोणाचा कल बदलला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो. बहुतेक वर्गांत हा कल शिकवलाच जात नाही, म्हणून चित्रातली सगळी माणसं कवायतीला उभी असल्यासारखी दिसतात. इथे मुलं आधी अंगणात स्वतः वाकून बघतात, मग काडी उचलतात. तारप्याचा फेर, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच, सहाव्या आठवड्यानंतर येतो. घाईने घेतला तर नाचणाऱ्यांमधलं अंतर सांभाळता येत नाही आणि फेर मिटण्याआधीच कागद संपतो.

लग्नाचा चौक मुलांकडून ‘डिझाइन’ म्हणून काढून घेत नाहीत, हेही बरं. चौक हा विधी आहे. मधे पालघट देवी असते, तो सवासिणी भिंतीवर लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. बाजारातल्या चहाच्या कपावर तो उमटतो तेव्हा यातलं काही उरत नाही. बायकांच्या हातची ही कला 1970 च्या दशकात कागदावर आली. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ती पाड्याबाहेर नेली आणि डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती रोजच्या जगण्यापर्यंत आणली. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ताई हे मुलांना सांगतात. संस्थेच्या पत्रकात याचा शब्द नाही, तिथे नुसतं ‘ट्रायबल आर्ट’.

पत्रकाची आणखी एक चूक जरा खटकते. पाड्यावरचं प्रत्येक मूल वारली असल्यासारखं त्यात लिहिलं आहे. ठाणे जिल्ह्यात कातकरी, ठाकूर, मल्हार कोळीही आहेत. कातकरी मुलीला ‘तुझ्या पूर्वजांची कला’ म्हणून वारली शिकवणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला तुझी पैठणी म्हणण्यासारखं. तिला वारली जरूर शिकवा, पण खरं सांगून.

काही पालकांचा आग्रह एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचा असतो, आणि तो चुकीचा नाही. कला संचालनालयाच्या या परीक्षांपैकी इंटरमिजिएटच्या श्रेणीचे गुण दहावीला वाढीव मिळतात: ‘अ’ला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. पण तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन लागतं; वारलीचा सराव त्यातल्या संकल्पचित्रापलीकडे फारसा पुरत नाही. संस्था दोन्हींचं आश्वासन देते आणि रविवार एकच. परीक्षेला बसणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांची वेगळी तुकडी केल्याशिवाय हे जमणार नाही. बारा रंगांची पेटी खरं तर त्या तुकडीच्या कामाची.

आता पावसाळा. पैसे बारा महिने घेतले जातात, पण जुलैत जेमतेम दोन वर्ग होतात. कारणं खरी आहेत: वर्ग उघड्या ओटीवर, झड आत येते, गेरूचा हात दोन दिवस वाळत नाही आणि गुंडाळलेल्या चित्रांवर बुरशी धरते, शिवाय लावणीच्या दिवसांत मोठी मुलं शेतावर असतात. तक्रार एवढीच की हे दरवर्षी होणारच, तरी योजनेत त्याची सोय नाही. त्या महिन्यांत गेरू बंद ठेवून पेन्सिल, शाई, कागदकाम, माती घ्यावी, आणि वर्ग बुडला तरी ताईंचं मानधन बुडवू नये. पावसाळ्यात पैसे थांबले की शिकवणारं माणूस दुसरं काम धरतं. मग दिवाळीनंतर नवे कोणी येतात आणि मुलं पुन्हा पहिल्या त्रिकोणापासून सुरू होतात.

मुलांच्या चित्रांची दिनदर्शिका विकणं हा प्रकार आवळा देऊन कोहळा काढण्याचा. विक्रीतला वाटा मुलांच्या घरी किती जातो ते लेखी मागा. अहवालात मुलांचे चेहरे, पूर्ण नावं आणि पाड्याचं नाव एकत्र छापतात, तेही थांबायला हवं. चित्र आणि वय पुरे.

पावती वेळेवर येते. 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. 2,000 रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपाने दिलेले रंग-कागद तिच्यात धरले जात नाहीत, तेव्हा बँकेतून द्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाने तिथून पैसे पाठवायचे असतील, तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय ते चालत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ही अट लागत नाही.

देणगीबरोबर एक ओळ लिहून देता येते आणि संस्था ती मानते: ‘ही रक्कम शिकवणाऱ्यांच्या मानधनासाठी, जून ते सप्टेंबर धरून.’ सहा महिन्यांचे 3,600 रुपये देताना ही ओळ घाला, आणि पेटी नको म्हणा.