पेशीच्या पोटात पेशी: गिळली की स्वतःच घुसली?

मायक्रोस्कोपखाली एका पेशीच्या आत दुसरी दिसली की आपण म्हणतो गिळली असणार, पण दरवेळी तसं नसतं हां. फॅगोसायटोसिसमध्ये (म्हणजे पेशीने गिळण्यात) गिळणारीच ॲक्टिव्ह असते, मॅक्रोफेज (शरीराची रक्षक पेशी) जंतू किंवा मेलेली पेशी वेढून आत ओढतो आणि पचवून टाकतो (टीबीचा जंतू मात्र तिथेच तळ ठोकतो, महाबिलंदर). जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून हे ओळखलं, १९०८ चं नोबेलही मिळालं.

एन्टोसिस एकदम उलटं. हे नाव आलं २००७ मध्ये. आधारापासून सुटलेली जिवंत पेशी शेजारणीला ई-कॅडहेरिनने (पेशींना जोडणारं प्रथिन) चिकटते आणि स्वतःच्याच ॲक्टिन-मायोसिनच्या (स्नायूंसारखी आकुंचन घडवणारी प्रथिनं) जोरावर आत शिरते, म्हणजे न बोलावता थेट माजघरात! बऱ्याचदा आत मरते, पण कधी तिथेच विभागते नाहीतर चक्क बाहेर पडते.

रोजच्या कामात फॅगोसायटोसिसच महत्त्वाचं, वाद नाही. पण कॅन्सरसाठी मला एन्टोसिस जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण भरकटलेली पेशी मेली तर बरंच, पण तीच आत अडून बसल्यामुळे बाहेरचीचं विभाजन फसतं आणि तिच्यात दोन-दोन केंद्रकं राहतात, मग क्रोमोसोमचा घोळ सुरू.